भिंतीला पोट सुटलं तेव्हा

२०१८ च्या जुलैमधल्या एका दुपारी काकूंचा फोन आला. "अगं, मागच्या भिंतीला पोट सुटलंय. आधी वाटलं माझीच नजर गेली, म्हणून नाडी टांगून बघितली." परकराच्या नाडीला कुलूप बांधून ऐंशी ओलांडलेल्या बाईने घरच्या घरी ओळंबा केला होता. संध्याकाळी जाऊन पाहिलं तर नाडी मधोमध भिंतीला टेकत होती आणि खाली कुलूप चार बोटं अधांतरी लोंबत होतं.

काकू आमच्या नात्यातल्या नाहीत. शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यातल्या त्या सर्वांत जुन्या भाडेकरू. लग्न होऊन आल्या तेव्हापासून देवडीला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहतात. भाडं महिना साठ रुपये. १९४७ च्या भाडे कायद्याने ते जिथे गोठलं तिथून फारसं हललंच नाही. १९९९ च्या नव्या कायद्याने दरसाल चार टक्के वाढ घेता येते, म्हणजे साठावर दोन रुपये चाळीस पैसे. बाबांनी ती कधी मागितली नाही. चाळीस पैसे सुटे कोण देणार, असं ते म्हणायचे.

वाडा एकचौकी आहे. घडीव काळ्या दगडाचं जोतं, त्यावर सागाचे खांब आणि तुळया, भिंती पांढरीच्या मातीच्या, वर मंगळुरी कौलं. शनिवारवाडा इथून पाच मिनिटांवर. त्याचं आतलं जवळपास सगळं लाकूडकाम १८२८ च्या आगीत गेलं, त्यामुळे आलेला पाहुणा तिकीट काढून तटबंदी आणि जोतीच बघून परत जातो. आमचा वाडा पाडला असता तर तसलंही काही उरलं नसतं. दोन-तीन ट्रक माती आणि लाकूडबाजारात भाव करण्याजोगे बारा खांब, एवढंच.

पहिल्यांदा ज्यांना बोलावलं ते अभियंते जेमतेम दहा मिनिटं थांबले. माडीवर चढले नाहीत, जिन्याकडे बघून मान हलवली. आठवड्याने अहवाल आला: बांधकाम मातीचं, आयुष्य संपलेलं, उतरवून घ्यावं. त्या अहवालात खांबांचा उल्लेखच नव्हता. भिंती मातीच्या म्हणजे घर मातीचं, असा हिशोब. वाड्यात भार भिंतीवर नसतो, लाकडी सांगाड्यावर असतो; भिंत म्हणजे नुसतं पांघरूण. हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं, नाहीतर तिथेच विचारलं असतं.

घरात बैठक झाली. चुलतभाऊ दादाच्या हातात एका विकसकाचा प्रस्ताव होता, प्रत्येक हिस्सेदाराला एक फ्लॅट. खोटं कशाला बोलू, पैशांच्या हिशोबात दादाचंच बरोबर होतं आणि आजही आहे. थोरली आत्या नागपूरहून फोनवर म्हणाली, "माझी दोन बाळंतपणं त्या माजघरात झाली, पण मला काही तिथे राहायचं नाही. तुम्ही ठरवा आणि सही कुठे करायची ते सांगा." धाकटी आत्या रडली आणि मग तिनेही तेच सांगितलं. शेवटी दादा म्हणाला, "बरं, एक पावसाळा देतो. तुझ्या पैशाने." बँकेत कर्जासाठी गेले तर त्यांना इमारतीच्या मजबुतीचा दाखला हवा होता, आणि दाखला मिळण्याजोगी मजबुती आणायलाच तर कर्ज हवं होतं. बाबांच्या ठेवी मोडल्या.

मग जुन्या घरांचं काम करणाऱ्या एक वास्तुविशारद बाई भेटल्या. त्या आल्या त्या हातात एक लांब पेचकस घेऊन. खांबांवर बोटाच्या पेराने टकटक करत चौकभर फिरल्या, दोन ठिकाणी पेचकस खुपसला, एका ठिकाणी तो मुठीपर्यंत आत गेला. कौलं, माडी, तुळया याबद्दल काही विचारतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "पावसाचं पाणी चौकातून कुठे जातं?"

मी मोरी दाखवली. "ही नळाची मोरी. पावसाचं कुठे जातं?"

मला सांगता येईना. पाऊस आला की चौकात पाणी साचतं आणि दोन दिवसांनी दिसेनासं होतं, एवढंच लहानपणापासून पाहिलेलं. काकू ओसरीवरून म्हणाल्या, "जिरतं." बाई म्हणाल्या, "हो ना, पण कशात?"

भिंतीच्या तळाशी त्यांनी गिलाव्याचा तळहाताएवढा तुकडा छिन्नीने उडवला. वरचं सिमेंट टणक, कोरडं. मागची माती मात्र कणीक भिजवून झाकून ठेवावी तशी. बोट दाबलं की खळगा पडत होता. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि अंगातून बाहेर टाकते. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा असला तर ती वाऱ्यावर सुकते. वरून सिमेंट थापलं की ओलीला बाहेर पडायला वाट उरत नाही. ती आणखी वर चढते, तुळईचं डोकं जिथे भिंतीत बसलंय तिथवर पोचते आणि लाकूड आतून कुजायला लागतं. पेचकस मुठीपर्यंत गेला होता तो नेमका तिथेच.

"सिमेंट कधी लावलंत?"

याचं उत्तर काकूंकडे होतं. पुरानंतर.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा काकू चोवीस वर्षांच्या होत्या. पुराच्या गोष्टी पेठेत प्रत्येक घरात आहेत आणि त्या सांगता सांगता पाण्याची उंची दरवर्षी थोडी वाढते, पण काकूंचं सांगणं कोरडं असतं. सकाळी ओरडा झाला, सगळे पर्वतीकडे पळाले, त्यांनी कडेवर मूल आणि हातात प्रायमस घेतला. परत आल्या तेव्हा खांब उभे, तुळया उभ्या, वर कौलंसुद्धा बरीचशी जागच्या जागी, आणि बहुतेक भिंती नाहीत. "उचकटल्या नव्हत्या गं, विरघळल्या होत्या. साखरेसारख्या. रस्त्यावरून थेट देवघर दिसत होतं." नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे तेव्हा पुरते बसले. आमच्या आजोबांनी भिंती पुन्हा उभ्या केल्या आणि मातीवर विश्वास उरला नव्हता म्हणून आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

पाण्याची वाट मात्र कुठेच सापडत नव्हती. ती सापडली कागदात.

बाबांच्या कपाटावर एक पत्र्याची पेटी होती. वारस नोंदीसाठी कागद शोधताना ती उघडली. मालमत्ता पत्रकावर अजून पणजोबांचंच नाव होतं, आणि ते काढायला किती खेटे घातले ते इथे सांगत बसत नाही. पेटीत मोडीतला एक कागद निघाला. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढून घेतात आणि मग तिला अक्षरं टांगत जातात, शब्द कुठे संपला ते कळतच नाही. मला तर तो सगळा कागद म्हणजे दोरीवर वाळत घातलेल्या गाठी वाटला. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकलेले एक निवृत्त शिक्षक सदाशिव पेठेत राहतात. त्यांनी भिंग लावून तासाभरात तो वाचून दिला. खरेदीखत, शके १७८५, रुधिरोद्गारी नाम संवत्सर, मार्गशीर्ष; म्हणजे १८६३. आमच्या घराण्याने वाडा बांधलेला नाही, विकत घेतलेला आहे, ही पहिली बातमी. घराण्यातल्या कुणा कर्तबगार पुरुषाने तो बांधल्याची गोष्ट आम्ही चार पिढ्या सांगत आलो होतो. दादाला फोन केला तर तो म्हणाला, "बघ, मग विकायलाही हरकत नाही."

कागदात घर खणांनी मोजलेलं होतं. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. एवढे खण दुमजली, एवढे खण पडवी, अशी मोजणी. चौरस फुटांचा पत्ता नाही. पुढे चतुःसीमा: पूर्वेस अमका, दक्षिणेस तमका, पश्चिमेस बोळ. आणि त्याच्याखाली दीड ओळ, जी शिक्षकांनी वाचून सोडून दिली होती आणि मी परत वाचायला लावली. चौकातल्या मोरीचं पाणी पश्चिमेच्या बोळात जाण्याची वहिवाट आहे, ती चालवावी.

पश्चिमेचा बोळ आजही आहे. जेमतेम हात-दीड हात रुंद. त्यात मांजरं आणि वरच्या मजल्यांवरून पडलेले कपड्यांचे चिमटे. पण चौकातून तिकडे जाणारी मोरी आम्ही कुणी पाहिली नव्हती, कारण चौकाला कोबा होता.

कोबा बाबांनी घातला. १९८६ साली, स्कूटर लावायला. मी नऊ वर्षांची होते आणि ओल्या कोब्यात पाय दिल्याबद्दल मार खाल्ला होता. डिसेंबरात तो फोडायला घेतला. खाली शहाबादी फरशी निघाली, तिच्याखाली वीतभर भराव, आणि त्याखाली काळ्या दगडाच्या मूळच्या फरश्या, सगळ्या पश्चिमेकडे उतरत्या. उतार इतका बेताचा की डोळ्याला दिसत नाही, गोटी ठेवली की चालायला लागते. कोपऱ्यात दगडी तोंडाची मोरी, कोब्याच्या खडीने गच्च भरलेली. बाबांनी चौक सपाट केला आणि पाणी चारी बाजूंनी भिंतींच्या पायात गेलं. बत्तीस वर्षं. फोडलेल्या कोब्यात माझ्या पायाचा ठसा तीन तुकड्यांत निघाला. "ठेवायचा का, ताई?" मजुराने विचारलं. ठेवून काय करणार होते? राडारोड्याच्या गाडीत गेला.

मोरी साफ करायला दोन माणसांना चार दिवस लागले.

त्याआधी काकूंना हलवायचं होतं, आणि तो या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग होता. त्या जाईनात. एकदा खोली सोडली की मालक परत घेत नाही, हे त्यांनी शेजारच्या तीन वाड्यांत डोळ्यांनी पाहिलं होतं. मी म्हटलं, "काकू, मी लहानपणी तुमच्या हातचं जेवलेय." त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुला म्हणते, लिहून दे." मग स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं, त्याच दोन खोल्या, तेच भाडं, काम संपल्यावर पंधरा दिवसांत ताबा. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि "तेच भाडं" याच्या खाली रेघ मारायला लावली. सहा महिने त्या पुतणीकडे धायरीला राहिल्या. रोज सकाळी दहाच्या बसने पेठेत यायच्या, देवडीत खुर्ची टाकून बसायच्या आणि मजुरांची हजेरी घ्यायच्या. त्यांच्यामुळे एकही खाडा झाला नाही, हे गवंड्यानेच मला सांगितलं. अर्थात कौतुकाने नव्हे.

गिलावा उतरवताना मागच्या भिंतीत एक बुजवलेला कोनाडा लागला. बातमी तासाभरात पेठेत पसरली; मोहरांपासून तलवारीपर्यंत सगळं बोलून झालं. दुकानं सोडून माणसं बघायला आली. वीट काढली तर आत गाळ होता. पुराचा, नदीचा, सत्तावन्न वर्षं जुना, वाळून पिठासारखा झालेला. त्यात एक बूच लावलेली काचेची बाटली आणि दोन नवे पैसे. बाटलीत शाई वाळून तळाला चिकटली होती. घाईघाईत कुणी कोनाडा रिकामा न करताच विटांनी बंद केला असणार. नवे पैसे काकूंनी हक्काने घेतले: "माझेच असणार."

चुन्याबद्दल सांगायला हवं, कारण माझं सगळं शहाणपण तिथे उतरलं. मला वाटत होतं चुना म्हणजे पांढरं सिमेंट. पोतं फोडा, पाणी घाला, लावा. गवंडीमामांनी पुढच्या पडवीत विटांचं टाकं करून त्यात चुनकळी टाकली आणि पाणी सोडलं. दोन मिनिटं काहीच झालं नाही. मग खडे फुटायला लागले, पाणी डाळीसारखं उकळायला लागलं, वाफ माडीपर्यंत गेली. "लांब राहा, डोळ्यात गेला तर डोळा जाईल," मामा म्हणाले. मी विचारलं, लावायला उद्या घेणार का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि टाकं गोणपाटाने झाकून टाकलं. तीन आठवडे.

तीन आठवड्यांनी तो लोण्यासारखा झाला होता. मग वाळू, विटांची सुरखी, गुळाचं पाणी आणि बेलफळांचा काढा. मिश्रण दळायला पूर्वी बैलाची घाणी असे, दगडी चाक गोल खोबणीत फिरायचं. आता विजेवर चालणारं यंत्र भाड्याने आणलं, आणि त्याच्या आवाजाने समोरच्या क्लासवाल्यांशी भांडण झालं ते वेगळंच. दळलेला चुना तयार झाला की नाही ते मामा थापी उलटी करून बघत. थापीवरचा गोळा खाली पडला तर परत यंत्रात. पहिल्या दिवशी तीन वेळा पडला. लावताना एका वेळी बोटाच्या अर्ध्या पेराइतकाच थर, मग थांबायचं, ओलं गोणपाट लावून ठेवायचं, मग दुसरा. एका भिंतीला पाच आठवडे. दादा एकदा बघायला आला आणि म्हणाला, "भिंत बांधताय की लोणचं घालताय?"

लाकडाची कथा थोडी अस्वस्थ करणारी आहे. बारापैकी दहा खांब ठणठणीत निघाले. सुताराने रंधा मारला तर आतून मधाच्या रंगाचं लाकूड आणि सागाचा तो तिखट वास, जणू काल कापलंय. पण तीन तुळयांची भिंतीतली डोकी गेली होती. अख्खी तुळई काढायची तर माडी उतरवावी लागली असती, म्हणून खालून टेकू देऊन कुजलेला हात-दोन हात भाग कापायचा आणि तेवढाच नवा तुकडा सांधायचा असं ठरलं. नव्या सागाला तेवढं वय नसतं, तो वाळताना पिळतो. जुनंच लाकूड हवं होतं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात हवं तेवढं मिळालं. कुठून आलं ते विचारायची गरज नव्हती. आमच्यापासून दोन पेठा पलीकडे पाडलेल्या एका वाड्याच्या तुळया होत्या. एका बाजूला खाचा तशाच होत्या, जिथे त्यांच्या घरातली कडी बसत असणार, आणि डोक्याजवळ पटाशीने कोरलेल्या तीन उभ्या रेघा, कुणा सुताराने जोडणीसाठी केलेली खूण. आमच्या सुताराने त्या खाचा लाकूड भरून बंद केल्या. रेघा राहू दिल्या. आज माजघरात मान वर केली की दिसतात.

कौलं उतरवून धुतली. कित्येकांवर बासेल मिशनचा शिक्का आहे, मंगळूरचा. गळत होतं ते मुळात वयाने नव्हेच, डिश अँटेना बसवायला चढलेल्याने सात कौलं फोडून तशीच आडवी सारली होती.

खर्च अंदाजाच्या दुप्पट झाला. आकडा लिहीत नाही, दादा वाचेल.

मे महिन्यात काकू परत आल्या. स्टॅम्पपेपर सोबत आणला होता. खोलीत पाऊल टाकल्यावर पहिलं काय म्हणाल्या, तर भिंतीला वास येतोय. चुन्याचा असतो थोडे दिवस. मग भिंतीला पाठ टेकून बसल्या आणि म्हणाल्या, थंड आहे.

त्या वर्षी पाऊस सरता सरेना. २५ सप्टेंबरच्या रात्री शहरात आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं गेली, गाड्या वाहून गेल्या. मी घरी कोथरूडला अडकले होते, बाहेर पडायची सोय नव्हती. साडेदहाला काकूंना फोन लावला. त्या बॅटरी घेऊन ओसरीवर बसल्या होत्या. "काकू, चौकात किती आहे?" पलीकडून नुसता पावसाचा आवाज. मग म्हणाल्या, "थांब, बघते." पुन्हा बराच वेळ आवाज. "जातंय. भसाभसा जातंय गं, बोळात. तू झोप."

दादाने दिलेला एक पावसाळा संपला. त्याने अजून काही विचारलेलं नाही, मीही विषय काढलेला नाही. माडीवरचं अर्धं काम तसंच आहे. दोन वासे बदलायचे आहेत, आढ्याजवळ रीप लागायची आहे आणि तिथे सध्या निळी ताडपत्री आहे. दसऱ्यानंतर येतो म्हणून सुतार सांगून गेलाय. कुठल्या दसऱ्यानंतर, ते तेव्हाच विचारून घ्यायला हवं होतं.